धूलकोटला उतरलेला फुगा

धूलकोटच्या एका वावरात आभाळातून काहीतरी पडलं, ही बातमी बऱ्हाणपुरात आली तेव्हा सुलभा आईबरोबर ओट्यावर बसून पोळ्याच्या सणासाठी डाळ निवडत होती. बातमी आणली तिच्या भावानं. सुधाकर तहसील कचेरीत कारकून होता आणि कचेरी सुटल्यावर गावाच्या रक्षक दलात हातात काठी घेऊन फिरायचा. तो सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच बोलायला लागला.

"फुगा आहे म्हणे. रबराचा, पोत्याएवढा. फुटका. निजामाच्या मुलखातून सोडलेला."

सुलभाचा हात सुपातच थांबला.

"निजामाच्या कशावरून?"

"अगं, सगळं गाव बोलून राहिलं. काल मुसलमान विणकरांच्या गल्लीत दोन घरांची झडती झाली. तिथे काही मिळालं नाही. पण ज्याच्या वावरात पडला तो माणूस धरलाय. उखर्डू नावाचा. फुगा सापडला तर लपवून ठेवला होता त्यानं, ज्वारीच्या कणगीमागे. निर्दोष माणूस लपवतो का?"

ते अठ्ठेचाळीस साल होतं. एकेक संस्थान भारतात येत होतं, हैदराबाद मात्र आडून बसलं होतं, आणि त्याची हद्द बऱ्हाणपुरापासून फार लांब नव्हती. तिकडून घरंदारं सोडून आलेली माणसं स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलेली होती. रझाकारांना विमानानं बंदुका येतात आणि ती विमानं आपल्याच डोक्यावरून जातात, असं लोक म्हणत. त्यामुळे त्या पावसाळ्यात माणसं ढग बघायला वर बघत नव्हती. कुठे घरघर झाली की अख्खी गल्ली अंगणात यायची. अनोळखी माणसाला पाणी देण्याआधी त्याचं गाव विचारलं जायचं.

सुलभानं सूप बाजूला ठेवलं. "दादा, तो फुगा माझा आहे."

सुधाकर हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू थांबलं.

सुलभा नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पदार्थविज्ञानाच्या वर्गात दोनच मुली होत्या, त्यांतली एक ती. त्या वर्षी एका प्राध्यापकांनी हवामानशास्त्राची तोंडओळख म्हणून काही जादा तास घ्यायला सुरुवात केली होती. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, मान्सून म्हणजे काय? सगळा वर्ग म्हणाला, पाऊस. "नाही," ते म्हणाले, "मान्सून म्हणजे वारा. पाऊस त्याच्या पाठीवर बसून येतो." हवेला वजन असतं, तापलेली हवा फुगते, पृथ्वी फिरते म्हणून वारा सरळ जात नाही, उजवीकडे वळतो, हे सगळं सुलभानं त्या तासांना ऐकलं आणि तिला वाटलं, आपण एवढी वर्षं एका मोठ्या समुद्राच्या तळाशी राहत होतो आणि कुणी सांगितलंच नाही.

सणाची सुट्टी लागली तेव्हा प्राध्यापकांनी गावोगावच्या मुलांना थोडे थोडे रबरी फुगे दिले. फुग्याला एक छापील कार्ड बांधायचं. फुगा वर जाईल, फुटेल, कुठेतरी पडेल. सापडणाऱ्यानं कार्ड टपालात टाकलं की वरचा वारा कुठून कुठे वाहतो ते कळेल. सुलभानं सराफ्यातून गंधकाचं तेजाब आणलं, जस्ताचे तुकडे आणले, आणि मागच्या अंगणात बाटलीत गॅस तयार करून घराच्या धाब्याच्या सपाट छतावरून सकाळी सकाळी फुगे सोडले. सुधाकर कचेरीत गेलेला असायचा. फुग्याचं तोंड धरायला आईच होती. तेजाबाच्या वासानं शेजारणीनं नाकाला पदर लावला आणि विचारलं, "काय शिजवता हो?" तेव्हा आई म्हणाली होती, "पोरीचं कॉलेजचं काहीतरी."

"कार्ड होतं त्याला," सुलभा आता सुधाकरला म्हणाली. "कॉलेजचा पत्ता छापलेलं. ते वाचलं की झालं."

"कार्डबिर्ड काही सापडलेलं नाही."

"मग मी येते ठाण्यावर. मी सांगते."

"तू ठाण्यावर?" सुधाकरनं आईकडे पाहिलं. आई डाळीतला खडा शोधत होती. तिनं मान वर केली नाही.

*

ठाण्याच्या पायरीवर एक बाई बसली होती. डोक्यावर पदर, पायांना चिखल, जवळ भाकरीचं गाठोडं. ती उखर्डूची बायको मनकर्णा, हे सुलभाला नंतर कळलं.

लीलाधर फौजदार खंडव्याकडचे होते. मराठी बोलायचे पण मध्येच हिंदीत जायचे. आवाज न चढवणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी सुलभाला खुर्ची दिली, सुधाकरला उभं ठेवलं आणि टेबलावर कागदात गुंडाळलेलं फाटकं रबर उलगडलं. तांबूस, पातळ, त्याला दोऱ्याचं एक टोक अजून लोंबतंय. सुलभानं पिशवीतून उरलेल्या फुग्यांतला एक काढून त्याच्या शेजारी ठेवला. रंग तोच होता.

"एकच माल आहे," फौजदार म्हणाले. "मानलं. आता मला सांगा बाई, हे कुठून सोडलं?"

"आमच्या धाब्यावरून."

"या दिवसांत बऱ्हाणपुरात वारा कुठून येतो?"

"पश्चिमेकडून."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"आणि धूलकोट कोणत्या दिशेला?"

सुलभा थांबली. "वायव्येला."

"म्हणजे तुमचा फुगा वाऱ्याच्या तोंडावर चालत गेला. बैलगाडीचा रस्ता धरून." ते हसले नाहीत. "तुमच्या घरून सुटलेला फुगा पूर्वेला जायला पाहिजे होता. नदी ओलांडून झैनाबादकडे. धूलकोटला पडलेला फुगा दुसऱ्याच कुणी सोडलेला. असे फुगे कोण सोडतं, ते पोराटोरांनाही माहीत आहे."

"साहेब, खालचा वारा आणि वरचा वारा वेगळा असतो."

"असं कोण सांगतं?"

"आमचे प्राध्यापक."

"ज्यांनी तुम्हाला हे रबर दिलं, तेच?"

सुलभाला त्या प्रश्नातली धार जरा उशिरा कळली. ती समजावून सांगायला लागली. पावसाळ्यात उत्तरेकडची जमीन आणि डोंगर तापलेले असतात, तिथली हवा फुगून तिचा थर उंच होतो. दक्षिणेला समुद्र, तिथली हवा त्या मानानं थंड, थर बसका. म्हणून खूप उंचावर उत्तरेला दाब जास्त पडतो. तिथून हवा दक्षिणेकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यानं उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला वळते. वर पूर्वेचा वारा वाहतो, खाली पश्चिमेचा. तिनं टेबलावरचा टाक आणि दौत घेऊन थर दाखवले. फौजदारांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"तुम्ही वर जाऊन आलात?"

"नाही."

"मग तुम्ही शिकलेलं बोलता. शिकवलेलं, असंही म्हणता येईल." ते सुधाकरकडे वळले. "तुम्ही यांना फुगा सोडताना पाहिलं?"

"नाही साहेब. मी कचेरीत असतो."

"घरात दुसरं कोण असतं?"

"आई."

शिपाई सायकलवरून सुलभाच्या आईला विचारायला गेला. परत आला तेव्हा त्यानं दारातूनच सांगितलं, "माताजी म्हणतात, आमच्या घरात असलं काही झालेलं नाही. पोरगी पुस्तकं वाचत असते."

सुलभाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती शिपायाकडे बघत राहिली. फौजदारांनी पिशवीतले उरलेले फुगेही मागून घेतले आणि टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवले.

"बाई, तुम्ही भल्या घरच्या. तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय. कोण आहे ते सांगा, तुमचं नाव कुठे येणार नाही."

*

घरी आल्यावर सुलभानं चप्पल न काढताच विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

आई चुलीपाशी होती. "पोलीस दारात उभा राहून विचारतो, तुमच्या पोरीनं निजामासाठी फुगे सोडले का? मी काय हो म्हणू?"

"त्यानं असं विचारलं?"

"मला तसंच ऐकू आलं." आईनं फुंकणी बाजूला ठेवली. "तुझे वडील गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुला शिकायला पाठवलं तर भावकी म्हणाली, पोर हातची जाईल. आता ठाण्यावर जाऊ देऊ होय तुला?"

"आई, एक माणूस आत बसलाय. माझ्यामुळे."

"मला तो माणूस माहीत नाही," आई म्हणाली. "मला तू माहीत आहेस."

दुसऱ्या दिवसापासून सुलभाच्या लक्षात आलं की सुधाकर तिच्या पत्रांची पेटी चाळून परत जागेवर ठेवतो. ती धाब्यावर गेली की थोड्या वेळानं तोही काहीतरी निमित्त काढून वर येतो. एकदा त्यानं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या वर्गात हैदराबादकडचं कोणी आहे का?"

"दोघं आहेत."

"हं," तो म्हणाला आणि भाताचा पुढचा घास घेतला.

फौजदारांनी नागपूरला तार केली होती. कॉलेज सुट्टीवर, उत्तर नाही. गल्लीतल्या बायका आता सुलभाशी बोलताना तिच्या हातातल्या वस्तूकडे बघायच्या. समोरच्या घरातल्या आजीनं आपल्या सुनेला तिच्याकडे विरजण मागायला पाठवणं बंद केलं. वाळत घातलेली ओढणी वाऱ्यानं धाब्यावरून उडाली तर खालून दोघं ओरडले, काय सोडलं, काय सोडलं!

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सुलभालाच संशय यायला लागला. कार्ड गेलं कुठे? तिनं ते स्वतः बांधलं होतं, दोऱ्याला दुहेरी गाठ मारून. ठाण्यातल्या रबराला दोरा होता, कार्ड नव्हतं. रबर तसलंच होतं, पण तसलं रबर काय एकट्या तिच्या प्राध्यापकांकडेच मिळत असेल? वरचा वारा पूर्वेचा असतो, हे फळ्यावर पाहिलेलं. बऱ्हाणपुरावर, या आठवड्यात, तो तसाच आहे हे तिला कुठे माहीत होतं? फौजदार बरोबर बोलले होते. ती वर जाऊन आलेली नव्हती.

ती पुन्हा ठाण्याकडे गेली ती मनकर्णेला भेटायला. मनकर्णा तिथेच पायरीवर होती.

"बाई, मी सुलभा. तो फुगा माझा होता. मी तुमच्या माणसाला सोडवायचा प्रयत्न करतेय."

मनकर्णेनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कावून?"

"म्हणजे?"

"तुले काय पडलं त्याचं? आमी तुले वळखत नाही. शिपाई म्हने, शहरची पोरगी येईल, गोड बोलीन, तुमच्याकडून वदवून घेईल. तूच ना ते?"

"नाही हो. मी खरंच..."

"मले काई मालूम नाही. त्यालेबी काई मालूम नाही. वावरात पडेल होतं, उचललं. बस." तिनं गाठोडं जवळ ओढलं आणि तोंड फिरवलं.

*

त्या दिवशी सुलभानं ठरवलं की सांगून उपयोग नाही, दाखवायला पाहिजे. एवढ्या उंचीवरचा फुगा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा नाही, दुर्बीण लागणार. गावात तशी एकच होती, बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरकडे. भाईदास ओव्हरसियर पुलाच्या मोजणीसाठी आले होते आणि त्यांच्याकडे तिपाईवर बसवायचा थिओडोलाइट होता. दुर्बिणीतून बघायचं आणि ती किती अंश वळली, किती वर उचलली, ते खालच्या तबकड्यांवर वाचायचं.

भाईदासांनी आधी दार अर्धवटच उघडलं. "सरकारी यंत्र आहे. यात माझं नाव आलं तर?"

"तुम्ही फौजदारांनाच विचारा. यंत्र तुम्ही लावा, डोळा त्यांनी लावावा. मी हातही लावणार नाही."

त्यांना ते पटलं. फौजदारांना त्याहून जास्त पटलं. सुलभाला नंतर वाटलं, त्यांना खरंखोटं कळण्यापेक्षा ती काय करते हे बघण्यात रस असावा.

पहिला प्रयत्न फसला. राजघाटावर बरीच गर्दी जमली. रक्षक दलाची पोरं काठ्या घेऊन आली होती. फौजदारांनी जप्त केलेल्या फुग्यांतला एक दिला. तो सुटला, पश्चिमेच्या वाऱ्यावर तिरका होत नदीवर गेला आणि सुलभा बघत असतानाच झैनाबादच्या बाजूच्या ढगात शिरून दिसेनासा झाला. कोणीतरी शिटी वाजवली. मागून आवाज आला, "गेला की हो झैनाबादला! फौजदारसाब म्हणाले तसाच!" दुसरा म्हणाला, "आता तिकडे कोण झेलतो ते बघा." आणि तिसरा, जरा हळू, "आपल्या डोळ्यांदेखत खबर पाठवली पोरीनं."

सुधाकर त्या पोरांमध्येच उभा होता. तो त्यांना गप्प बसा म्हणाला नाही.

फौजदार म्हणाले, "अजून एकदा. आकाश साफ असेल तेव्हा. त्यानंतर बस."

गणपती बसले. दुसऱ्याच दिवशी पाऊस उघडला आणि आकाश धुतल्यासारखं निळं झालं. शिपाई बोलवायला आला तेव्हा सुलभा बाटली आणि जस्त पिशवीत भरत होती. आई देवासमोर दूर्वा निवडत बसली होती. ती उठली, हात पुसले, पायात चपला घातल्या.

"तू कुठे?"

"तोंड धरायला कोणीतरी लागतं ना," आई म्हणाली.

घाटावर या वेळी उखर्डूलाही आणलं होतं. हडकुळा, दाढी वाढलेला, चाळिशीचा माणूस. दोन शिपायांच्या मध्ये उकिडवा बसून तो जमिनीकडे बघत होता. मनकर्णा लांब, पिंपळाखाली.

सुलभानं बाटलीत तेजाब ओतलं. फुगा हळूहळू भरायला लागला. आईनं पदर खोचला, फुग्याचं तोंड दोन्ही हातांच्या चिमटीत नेमकं धरलं, आणि भरल्यावर दोऱ्याचे वेढे मारले. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. फौजदार ते बघत होते.

"माताजी, सवय दिसते हाताला."

आईनं वर पाहिलं. घाटावरची सगळी माणसं ऐकत होती. "मीच धरलं होतं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळेला. तुमच्या माणसाला मी खोटं सांगितलं. घाबरले होते."

"आणि आज?"

"आजही घाबरलेच आहे," आई म्हणाली आणि फुगा सोडून दिला.

तो वर गेला, नदीकडे झुकला. भाईदासांनी दुर्बीण त्याच्यावर लावली आणि बाजूला झाले. फौजदारांनी डोळा लावला आणि लगेच मागे घेतला.

"हा तर खाली पडतोय!"

"साहेब, या यंत्रात उलटं दिसतं. वरचं खाली."

"उलटं?" ते ताठ झाले. "म्हणजे पूर्व पश्चिम दिसणार?"

"दिसेल उलटं, पण यंत्राची नळी जिकडे वळते तिकडेच फुगा असतो. नळी खोटं बोलत नाही."

फौजदारांनी आधी किल्ल्याचा बुरूज बघितला, बुरुजावरचं झाड उलटं लटकलेलं बघितलं, खात्री केली, मग भाईदासांनी परत फुगा सापडवून दिला. आता साध्या डोळ्याला तो ठिपक्यासारखा होता, थोड्याच वेळात तोही गेला. उरले ते फक्त फौजदार, दुर्बिणीला डोळा लावून, आणि नळी पूर्वेकडे रोखलेली. घाटावर सगळे त्या नळीकडे बघत होते. पितळी नळी हळूहळू वर उचलली जात होती, पण पूर्वेकडेच.

सुलभाही नळीकडेच बघत होती. अजून वळत नाही, अजून नाही. आपण शिकलो ते सगळं दुसऱ्याच कुठल्या आकाशाबद्दल असेल तर?

"थांबला," फौजदार म्हणाले.

"काय?"

"बाजूला सरकत नाही. नुसता वर जातोय." नळी आणखी वर झाली. मग आणखी. त्यांना गुडघे वाकवावे लागले, मग मान मागे टाकावी लागली. नळी आता जवळजवळ डोक्यावर रोखली होती. भाईदासांनी यंत्राला लावायचा तिरपा आरसा दिला, तो लावून फौजदार परत वाकले. मग नळी खाली यायला लागली. दुसऱ्या बाजूनं. पश्चिमेच्या, जराशी उत्तरेकडच्या. शहराच्या छपरांवरून, धूलकोटच्या दिशेला.

आता शिटी कोणी वाजवली नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "वर दुसरी हवा आहे की काय?"

फौजदार सरळ झाले, डोळा चोळला. सुलभाला वाटलं ते आता काहीतरी चांगलं बोलतील.

"यानं एवढंच साबित होतं," ते म्हणाले, "की इथून सुटलेला फुगा धूलकोटला जाऊ शकतो. तो तुमचाच होता, हे साबित होत नाही."

"नाही," सुलभा म्हणाली. ते खरंच होतं. "पण तो निजामाकडूनच आला असं आता तुम्हालाही म्हणता येत नाही."

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग शिपायांना हातानं खूण केली. "छोड दो उसको." आणि सुलभाला म्हणाले, "बाकीचे फुगे माझ्याकडे राहतील. हैदराबादचं निपटेपर्यंत. आणि बाई, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही."

*

गर्दी पांगली. उखर्डू घाटाच्या पायरीवर बसून चेहऱ्यावर पाणी मारत होता. मनकर्णेनं गाठोडं सोडून त्याच्यापुढे भाकर ठेवली होती. सुलभा थोडी दूर उभी राहिली, मग जवळ गेली.

"तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला. मला माफ करा."

उखर्डूनं तिच्याकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला. "पांढरा होता," तो म्हणाला.

"काय पांढरा?"

"कागद. दोऱ्याले बांधेल. जाड कागद, त्याच्यावर इंग्रजी." तो अगदी हळू बोलत होता. "मी तो चुलीत घातला."

मनकर्णेनं त्याच्या दंडाला हात लावला, बोलू नको म्हणून. तिला अजूनही सुलभाचा भरवसा नव्हता.

"पण का?" सुलभा खालीच बसली. "तो दाखवला असता तर तुम्हाला कोणी धरलंच नसतं. त्याच्यावर कॉलेजचा पत्ता होता. हा फुगा अभ्यासाचा आहे, असं लिहिलेलं होतं."

"कोनाले वाचता येते?" उखर्डूनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आभाळातून पडेल चीज, वर इंग्रजी कागद. पाटलाले दाखवला असता तर पाटील म्हनला असता, तुलेच कावून आला हा कागद? पूर्ण गावात तुयंच वावर दिसलं का त्याले? म्हनून जाळला. रबर तेवढं ठेवलं, चांगलं होतं, पावसात बियाच्या मडक्यावर बांधायले." त्यानं तुकडा परत खाली ठेवला. "ठान्यात तीनदा विचारलं त्याईनं, कागद होता का? मी नाही म्हनलो. एकदा नाही म्हनलं मंग हो कसं म्हनू?"

सुलभाला आईची आठवण झाली. तिनं घाटाच्या वरच्या बाजूला पाहिलं. आई पायऱ्यांवर थांबून तिची वाट बघत होती.

"फौजदारांना सांगू का?" तिनं विचारलं. "आता सांगितलं तर सगळंच स्पष्ट होईल. माझ्याबद्दलही."

"नको वं बाई," मनकर्णा पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाली. "आत्ताच सुटला तो."

सुलभानं मान हलवली. तिनं कधीच कोणाला सांगितलं नाही. फौजदारांना नाही, आणि सुधाकरला तर नाहीच.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत फौजा हैदराबादेत शिरल्या आणि आठवडा व्हायच्या आत सगळं संपलं. बऱ्हाणपुरात पेढे वाटले, मिरवणूक निघाली, धर्मशाळेतल्या माणसांनी सामान बांधायला सुरुवात केली. सुलभाच्या दारासमोर पानाच्या टपरीवर लक्ष ठेवायला उभा राहणारा शिपाई यायचा बंद झाला. फौजदारांनी फुगे एका पाकिटात घालून परत पाठवले, सोबत काही निरोप नव्हता. विणकरांच्या गल्लीत झडती झाली होती तिथे कोणी पेढा घेऊन गेलं का, हे सुलभानं सुधाकरला विचारलं. तो म्हणाला, तिथे कशाला?

धूलकोटहून आलेल्या एका बाजारकरूनं सांगितलं की उखर्डूला गावात लोक अजून "निजाम" म्हणून हाक मारतात. थट्टेनंच, पण मारतात.

नागपूरला परत जायच्या दिवशी सुधाकर सुलभाला स्टेशनवर पोचवायला आला. भुसावळची गाडी यायला वेळ होता. त्यानं तिची ट्रंक फलाटावर ठेवली, तिच्यावर बसला, विडी काढली आणि न पेटवता बोटांत फिरवत राहिला.

"त्या दिवशी घाटावर," तो म्हणाला, "मी त्या पोरांना काही बोललो नाही."

"मी पाहिलं."

"मला तेव्हा कळत नव्हतं कोणावर विश्वास ठेवावा." त्यानं विडी कानावर ठेवली. "आता सगळं मिटलं आहे. आता सांगितलंस तरी कोणाचं काही बिघडणार नाही. खरं सांग, सुलभे. तू त्या वेळी कोणाला तरी वाचवत होतीस ना?"

सुलभा त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा अगदी साधा होता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"हो," ती म्हणाली. "वाचवत होते."

तो सावध झाला. "कोणाला?"

"उखर्डूला."

सुधाकरनं मान हलवली. त्याला ते पटलं की नाही हे तिला कळलं नाही. सिग्नल पडला. तो उठला, तिची ट्रंक उचलून दारापर्यंत नेऊन ठेवली, खिडकीतून तिच्या हातात केळ्यांची फणी दिली आणि गाडी हलेपर्यंत डब्यातल्या बाकीच्या माणसांचे चेहरे एकेक करून बघत उभा राहिला.